मागच्या रांगेतला

१

ताईच्या हाताखालून गेलेला माणूस आहे त्यापेक्षा बरा दिसतो, अशी तिची ख्याती होती. बाजारातल्या एका फोटो स्टुडिओत ती कित्येक वर्षं फोटो दुरुस्त करत होती. कुणाच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं घालव, कुणाचं टक्कल झाक, घटस्फोट झाला की जावयाला मधून अलगद उचलून मागची भिंत भरून टाक. लग्नाला येऊ न शकलेल्या आत्याबाईंना ती लग्नात उभं करायची, वारलेल्या आजोबांना नातवाच्या वाढदिवसाला. स्टुडिओचे मालक म्हणायचे, "ताईंनी हात फिरवला की मेलेला माणूससुद्धा केक कापायला येतो." ती हसायची. विनोद जुना होता, पण पगार देणाऱ्याचा होता.

हीच कला ती घरीही वापरत होती, हे मात्र मालकांना माहीत नव्हतं.

घर चौघांचं. आई, बाबा, ताई आणि तिच्याहून बराच लहान असलेला भाऊ. तो जन्मापासूनच काही ना काही गुणगुणत असायचा, म्हणून घरात त्याचं नाव भुंगा पडलं. कॉलेजात असताना भुंग्याची झोप उडाली. भिंतीपलीकडे माणसं आपल्याबद्दल बोलतात, असं तो सांगू लागला, मग भिंतीशी भांडू लागला, आणि शेवटी त्याला दवाखान्यात ठेवावं लागलं. नातेवाइकांनी चौकशी केली तेव्हा आईच्या तोंडून निघून गेलं, "तो शिकायला परदेशी गेलाय." त्या क्षणी तिला दुसरं काही सुचलं नाही आणि नंतर ते मागे घ्यायची कुणाची छाती झाली नाही. काही महिन्यांनी भुंगा घरी आला तो गोळ्यांनी सुजलेला, जड जिभेचा, थरथरत्या हातांचा, आणि वरच्या खोलीत राहू लागला. खाली तो परदेशातच होता. तिथे त्याला नोकरी लागली, बढती मिळाली, थंडी सोसेनाशी झाली.

थाप म्हटली की पुरावा आला. मावशी दर वर्षी फोटो मागायची. मग ताईनं भुंग्याच्या कॉलेजातल्या फोटोतला चेहरा घेतला आणि आई-बाबांच्या मागे बसवला. त्या फोटोत उजेड डावीकडून होता आणि यांच्या दिवाणखान्यातली खिडकी उजवीकडे, म्हणून तिनं चेहरा उलटा करून घेतला. त्यानं भांग दुसऱ्या बाजूला गेला आणि लहानपणी डाव्या भुवईवर पडलेला व्रण उजव्या भुवईवर आला. कुणाच्या लक्षात आलं नाही. अंगात एका गिऱ्हाइकाचा राखाडी कोट चढवला. हात जमवणं सगळ्यांत अवघड, म्हणून त्याला ती कायम मागच्या रांगेत ठेवायची, कुणाच्या तरी खांद्याआड. दर वर्षी थोडं वय वाढवायची. कानाशी दोन पांढरे केस, गाल जरा भरलेले. "दोन दिवसांसाठी आला होता हो, उभ्या उभ्या," असं म्हणत आई तो फोटो सगळ्यांना पाठवायची आणि एक मोठा करून भिंतीवर लावायची. त्या भिंतीकडे पाहिलं तर भुंग्याचं फार छान चाललं होतं.

आज आई-बाबांच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली होती. दुपारच्या जेवणाला तीसेक माणसं यायची होती. सकाळी ताई फुगे फुगवत बसली होती तेव्हा भुंगा जिना उतरून आला. टेबलांवर घालायचे पांढरे कपडे त्यानंच इस्त्री करून ठेवले होते. त्याच्याइतकी इस्त्री घरात कुणाला जमत नसे. हल्ली तो पुष्कळ बरा होता. त्याला माणसांत मिसळू द्या, असं डॉक्टर दर खेपेला सांगायचे आणि आई दर खेपेला हो म्हणायची.

त्यानं निळा शर्ट घातला होता. कॉलर अगदी कडक होती.

"ताई, मी फोटोपुरता खाली येऊ का? बोलणार नाही कुणाशी. मागे उभा राहीन."

ताईनं हातातल्या फुग्याला गाठ मारली. माणसं खूप आहेत रे, मागे जागा व्हायची नाही, असं काहीतरी ती पुटपुटली.

"हो," तो समजूतदारपणे म्हणाला. "मागे तो असतो ना."

त्यात राग नव्हता की टोमणा नव्हता. बसमध्ये आपल्या जागेवर कुणी आधीच बसलेलं असावं आणि आपण मुकाट्यानं उभं राहावं, तसा तो म्हणाला. ताईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पुढच्या वेळी नक्की, असं तिनं त्याला सांगितलं आणि दुसरा फुगा उचलला.

२

सगळ्यांत आधी आले काका. फुलांचा गुच्छ ताईच्या हातात कोंबत ते म्हणाले, "काय गं, सुट्टी मिळाली नाही म्हणून सांगितलंत, आणि हा तर फाटकात उभा."

"कोण?"

"कोण काय? तुझा भाऊ. त्या दोघांच्या मागे बघ."

फाटकापाशी केटररची दोन माणसं टेम्पोतून खुर्च्या उतरवत होती. त्यांच्या मागे रस्ता होता आणि रस्त्यापलीकडे एक बंद दुकान होतं. काकांच्या डोळ्याचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं. ताईनं ते कारण मनात पक्कं केलं आणि त्यांना पंख्याखाली नेऊन बसवलं. शिवाय हल्ली वाढपीसुद्धा कोट घालतात. त्यातलाच एखादा असणार.

मग आत्या आली आणि जरा फुरंगटूनच आली. तिचं म्हणणं असं की भाच्यानं नुसती मान हलवली, पुढे येऊन बोलला नाही, लोकांच्या पाठीमागेच उभा राहिला, परदेशात राहून माणसं तुसडी होतात ती अशी. ताईनं हसून विषय बदलला. काकांनी आत्याला काहीतरी सांगितलं असेल आणि आत्याला तर ऐकलेलं पाहिलं म्हणायची सवयच होती. खुलाशांना काय तोटा. ते एकापाठोपाठ एक सुचत होते, आणि इतके भराभर सुचतायत म्हणूनच तिला भीती वाटायला लागली.

मावशीचं मात्र काही करता येईना. मावशीची नजर म्हणजे नजर. कुठल्या लग्नात कुणी काय नेसलं होतं, ते ती झोपेतून उठवलं तरी सांगेल. ती आत आली, बहिणीच्या गळ्यात पडली, मेव्हण्यांची थट्टा केली आणि मग ताईला हलकेच बाजूला घेऊन गेली.

"तब्येत सुधारलीय हं त्याची. पण मला एक सांग, त्याच्या भुवईवरची खूण डाव्या बाजूला होती ना? मीच नेलं होतं टाके घालायला, मांडीवर घेऊन बसले होते. आता उजवीकडे कशी दिसते?"

तुला आठवत नसेल, असं ताई म्हणाली. मावशीला आठवत नाही, असं आजवर कुणी म्हटलं नव्हतं. मावशी तिच्याकडे बघत राहिली, आणि मग कुणीतरी हाक मारली म्हणून गेली.

३

ताई वर जायला निघाली. दिवाणखान्याच्या कोपऱ्यातून जिना वर चढत होता आणि मधे एक वळण होतं. वळणापर्यंत खालचा गलबला ऐकू यायचा आणि वळणानंतर भुंग्याचं गुणगुणणं. आज वळणानंतर काही ऐकू आलं नाही.

ती तिथेच थबकली. खाली काकांनी खणखणीत आवाजात हाक मारली, "भुंग्या, अरे इकडे ये की!" आणि लगेच कुणीतरी ओ दिली. मोकळी, हसरी, तरुण ओ. कॉलेजात जाण्याआधी या घरात रोज ऐकू यायची तशी. ताईनं कठडा घट्ट धरला.

वरच्या खोलीचं दार उघडं होतं. भुंगा पलंगाच्या कडेला ताठ बसला होता, शर्टाला सुरकुती पडू नये म्हणून पाठ न टेकता. त्याला बघून तिचा जीव भांड्यात पडला, आणि दुसऱ्याच क्षणी पुन्हा वर आला. तो वर आहे, मग खाली कोण होता?

"ताई," तो म्हणाला, "मला आता कुणीतरी हाक मारली. आणि मीच ओ दिली. मी इथे बसलोय, तोंड उघडलं नाही, आणि ओ दिली. माझ्याच आवाजात. म्हणजे आधीच्या."

ताईनं मागे वळून जिन्याकडे पाहिलं.

"तू जिन्यात होतीस. तुला आलं ना ऐकू? आलं असेल तर तेवढं सांग. मग मला कळेल की ते माझं डोकं नाहीये."

इतका सरळ प्रश्न त्यानं वर्षानुवर्षांत विचारला नव्हता. उत्तरही एका शब्दाचं होतं. पण हो म्हटलं की पुढचं सगळं आलं. खाली जाऊन बघायचं आलं, सांगायचं आलं, आईचा दिवस नासवायचा आला. शिवाय डॉक्टर म्हणतात त्याच्या भासांना खतपाणी घालू नका, असं तिनं स्वतःला बजावलं. हा भास नव्हता, हे तिला ठाऊक होतं. तिनंही ती ओ स्वच्छ ऐकली होती.

"नाही रे," ती म्हणाली. "मला काही ऐकू नाही आलं."

भुंग्यानं मान डोलावली. उठला, कपाटातला गोळ्यांचा डबा काढला आणि एक गोळी नखानं मोडून अर्धी तोंडात टाकली. आवाज आला तर अर्धी जास्त घ्यायची, असं त्याला सांगितलेलं होतं. तो पाणी पीत असताना ताई तिथे उभी राहिली आणि तिला त्याच्या तोंडाकडे बघवेना. जिना उतरताना तिनं तोंडावर पदर घेतला, जणू उकडत होतं.

४

स्वयंपाकघरात आई एकटीच होती. केटररनं आणलेलं जेवण ती घरच्या काचेच्या भांड्यांत काढत होती. पन्नास वर्षांपूर्वी कशी दिसत असेल, ते आज तिच्याकडे पाहून कळत होतं.

ताईनं दार लोटून घेतलं आणि लोक काय म्हणतायत ते तिला सांगितलं. आईनं भांड्याच्या काठावर सांडलेलं बोटानं पुसलं.

"कोण आहे तो, आई?"

"मी विचारलं नाही. तूही विचारू नकोस."

"अगं, वर भुंगा आहे. मी आत्ता बघून आले."

"मला माहितीय वर कोण आहे ते." आई आवाज न चढवता म्हणाली. "मघाशी इथे माझ्या मागे येऊन उभा होता. मी वळले नाही. म्हणाला, आई, आता मी कुठे जाणार नाही. इतकं स्पष्ट. एक अक्षर अडखळलं नाही गं." तिचे डोळे भरून आले. "एवढी वर्षं मी लोकांना खोटं सांगतेय, मला काय बरं वाटत असेल? आज पहिल्यांदा माझं बोलणं खोटं नाही. एक दिवस मला सुखानं जगू दे."

"आणि वरचा?"

"त्याचं ताट मी वाढून देते वर," आई म्हणाली. भांडं उचलून ती बाहेर गेली, आणि ताईला तिचा राग आला नाही. आईला ते चित्र काढून दिलं होतं कुणी?

स्वयंपाकघर आणि दिवाणखाना यांच्यामधे ताटं द्यायला एक छोटी खिडकी होती. तिच्यातून ताईनं बाहेर पाहिलं. माणसं हातात ग्लास घेऊन घोळक्यानं उभी होती. आत्याच्या खांद्यामागे राखाडी कोटाची एक बाही दिसली. आत्या सरकली तेव्हा ती काकांच्या मागे होती. काका बसले तेव्हा तिथे कुणी नव्हतं, आणि बाबांच्या मागे कपाळाचा एक तुकडा होता, एक कान, कानाशी दोन पांढरे केस. कुणी त्याच्याशी हात मिळवत नव्हतं. तो कुणाच्या पुढे येत नव्हता.

तिला खटकलं ते वेगळंच. ऊन लागतं म्हणून दिवाणखान्याच्या खिडकीचे पडदे सकाळीच ओढले होते. खोलीत वरचे दिवे तेवढे लावलेले होते, सगळ्यांच्या नाकाखाली सावल्या पडल्या होत्या. आणि त्या कपाळावर मात्र उजवीकडून खिडकीचा उजेड होता. असली चूक तिनं दुसऱ्या कुणाच्या कामात पकडली असती तर चारचौघांत हसली असती. तिनं ताटांच्या खिडकीची फळी लावून घेतली.

५

जेवणं आटोपल्यावर फोटोची टूम निघाली. घरात फोटोवाली असताना बाहेरचा माणूस कशाला, असं सगळ्यांचं म्हणणं पडलं. ताईनं स्टुडिओतून आणलेला कॅमेरा गळ्यात अडकवला. आई-बाबा मधे खुर्च्यांवर, बायका दोन्ही बाजूंना, उंच माणसं मागे. सगळे सरकले, पोटं आत घेतली गेली, हशा झाला. मागच्या रांगेत दोन डोक्यांच्या मधे एक फट होती आणि ती फट रिकामी नव्हती. ताईनं कॅमेरा डोळ्याला लावला, पण नजर आईच्या मांडीवरच्या फुलांवर धरून ठेवली.

तेवढ्यात जिन्यावर चपला वाजल्या.

भुंगा सावकाश उतरत होता, कठड्याला धरून. अर्ध्या गोळीनं त्याचे डोळे जडावले होते. शर्ट तसाच कडक होता. शेवटच्या पायरीवर तो थांबला आणि फक्त ताईकडे बघत म्हणाला, "म्हटलं, एकदा परत विचारून बघावं."

सगळ्यांची डोकी जिन्याकडे वळली. पाहुण्यांनी त्याला शेवटचं प्रत्यक्ष पाहिलं तेव्हा तो काटकुळा पोरगा होता. आता समोर एक जाडजूड, मऊ पडलेला, हात कापणारा माणूस होता. कुणी ओळखलं नाही. मावशीनंसुद्धा नाही, कारण तिच्या लेखी भाचा मागच्या रांगेत उभा होता.

"हे कोण गं?" मावशीनं विचारलं, परक्या माणसाबद्दल विचारतात तसं, अदबीनं.

आई ताईकडे बघत होती. बाबा स्वतःच्या बुटांकडे बघत होते. ताईच्या जिभेवर शब्द आला होता, लहानसा शब्द, भाऊ. तो म्हटला असता तर सगळं तिथेच संपलं असतं, फोटो, थाप, मागच्या रांगेतलं ते जे काही होतं तेसुद्धा. तिला ते पक्कं कळत होतं. आणि तीस माणसं तिच्या तोंडाकडे बघत होती.

"स्टुडिओतले आहेत," ती म्हणाली. "मदतीला बोलावलंय."

भुंगा तिच्याकडे पाहत राहिला. त्याच्या चेहऱ्यावर काही बदललं नाही. मग तो शेवटची पायरी उतरला आणि त्यानं हात पुढे केला.

"हो," तो म्हणाला. "द्या कॅमेरा. ताई, तुम्हीपण उभ्या राहा त्यांच्यात."

त्यानं तिला आयुष्यात कधी तुम्ही म्हटलं नव्हतं. ताईनं पट्टा गळ्यातून काढला, कॅमेरा त्याच्या हातात दिला आणि आईशेजारी जाऊन उभी राहिली. तिच्या मागची माणसं जरा सरकली, कुणाला तरी वाट दिली. मग तिच्या मानेमागे कुणीतरी आलं. श्वास लागला नाही, कोटाचा स्पर्श झाला नाही. नुसती जागा भरली.

भुंग्यानं कॅमेरा डोळ्याला लावला. हात थरथरत होते, तो ते सावरायला बघत होता, आणि कुणीतरी दबक्या आवाजात हसलं. मग त्यानं कॅमेरा खाली घेतला आणि ताईच्या खांद्यावरून मागे बघितलं. बराच वेळ बघितलं. आरशात बघून भांग पाडताना माणूस बघतो तसं.

"छान दिसताय," तो त्या मागच्याला म्हणाला, आणि फोटो काढला.

६

काम झालं की कामाचा माणूस जातो. भुंग्यानं कॅमेरा टेबलावर ठेवला, त्याच्याखाली चुरगळलेला कपडा तळहातानं सरळ केला आणि दाराकडे निघाला. अहो, जेवून तरी जा, असं काका भल्या मनानं म्हणाले. त्यानं हात जोडले आणि पुढे काम आहे म्हणाला.

ताईला वाटलं, तो अंगणात थांबेल. पाहुणे पांगले की येईल. ती दारापर्यंत गेली तेव्हा तो फाटकाबाहेर पडला होता. पायात घरातल्या चपला. खिशात पैसे नाहीत, गोळ्यांचा डबा वर कपाटात. एकट्यानं तो कित्येक वर्षांत कोपऱ्याच्या पलीकडे गेला नव्हता. बंद दुकानावरून तो जड पावलांनी चालत गेला आणि कोपऱ्यावर थांबला. मग वळून त्यानं घराकडे बघितलं.

तो हाकेची वाट बघत होता. यात शंका घ्यायला कुठेच जागा नव्हती. आणि हाक मारायची तर नावानं मारायला हवी होती, आणि ते नाव आज आतल्याला दिलेलं होतं.

मावशी वारा घ्यायला दारात आली होती. तिनं ताईच्या नजरेच्या रोखानं पाहिलं. "तो माणूस काही विसरला का गं? उभा राहिलाय."

"नाही," ताई म्हणाली.

भुंगा आणखी थोडा वेळ उभा राहिला. मग त्यानं शर्टाची कॉलर नीट केली आणि तो कोपऱ्यावरून वळला. रस्ता रिकामा झाला. ताई धावली असती तर अजूनही सापडला असता. पायात काही अडकलं नव्हतं, कुणी धरलं नव्हतं. तिला फक्त मावशीसमोर रस्त्यावर धावायची लाज वाटली.

"ताई, चल ना आत," तिच्या अगदी मागून आवाज आला. मोकळा, हसरा, एकही अक्षर न अडखळणारा. "सगळे तुझ्यासाठी थांबलेत."

मावशी तिच्या खांद्यावरून मागे बघून कौतुकानं हसली. ताई वळली नाही. तिला भीती वाटली, फार वाटली. पण त्याहून वाईट हे होतं की तो आवाज ऐकून तिला बरं वाटलं, आणि बरं वाटलं हे तिला कळलं.

"आले रे," ती म्हणाली.